मीटरवरचा पिवळा दिवा

गॅरेजमध्ये नवीन पोरगा कामाला लागला की मी त्याच्या हातात स्कॅनर देत नाही. आधी एक जुना व्हॉल्व्ह रिले देतो, बॉशच्या सुरुवातीच्या एबीएसमधला, वरचं झाकण काढलेला. आतली पत्ती बोटाने दाबून बघ म्हणतो. मीटरवरच्या एबीएसच्या दिव्याची एक वायर इग्निशनच्या पॉझिटिव्हवर असते. दुसरी एका डायोडमधून या रिलेवर येते. रिलेला करंट नसताना पत्ती अर्थला टेकलेली असते, म्हणून दिवा पेटतो. चावी फिरवली की कंट्रोलर स्वतःला तपासतो, व्हॉल्व्हची कॉइल बघतो, सेन्सरची वायर तुटलेली नाही ना हे बघतो. सगळं जागेवर असेल तरच तो रिले ओढतो. पत्ती अर्थ सोडून पॉझिटिव्हला लागते, दिव्याच्या दोन्ही टोकांना बॅटरीचाच व्होल्टेज येतो आणि दिवा विझतो.

म्हणजे हा दिवा पेटवावा लागत नाही, विझवावा लागतो. कंट्रोलर जळू दे, कपलर निघू दे, रिलेचा फ्यूज उडू दे, दिवा आपोआप पेटलेलाच राहणार. ज्या इंजिनिअरने हे सर्किट आखलं त्याला माझा मनापासून नमस्कार आहे. आपण बनवलेलं यंत्र कधीतरी बंद पडेल, आणि त्या वेळी ते स्वतःहून काही सांगण्याच्या अवस्थेत नसेल, हे त्याने आधीच धरून ठेवलं होतं. आता हेच काम सॉफ्टवेअर करतं. बहुतेक गाड्यांत कंट्रोलरकडून निरोप आला नाही तर मीटर स्वतः दिवा लावतं. पण विचार तोच आहे, आणि या धंद्यात ज्याला तो कळला त्याला पुढचं शिकवणं सोपं जातं.

मी ऑटो इलेक्ट्रिशियन. कोल्हापुरात आम्हाला अजून वायरमनच म्हणतात. उद्यमनगरात लेथ, फाउंड्री, ऑइल इंजिनाच्या कारखान्यांच्या मधोमध आमच्यासारख्यांची गॅरेजं उभी राहिली. सेल्फ, डायनॅमो, हॉर्न, वायपर एवढंच आमचं राज्य होतं. ब्रेकला हात लावायचा तो मेस्त्रीने. अँबॅसेडर, फियाटला ब्रेक गेल्याची खबर पायाला लागायची. पेडल खाली गेलं की मेस्त्री चाकाच्या आतल्या बाजूला ओल शोधायचा, व्हील सिलिंडरचा रबर कप बदलायचा, एकाला पेडल मारायला बसवून हवा काढायचा. त्यात वायरमनला बोलवायचं कारणच नव्हतं. ते कारण कसं निर्माण झालं, हे इथे लिहायचं आहे.

ब्रेकचा लाल दिवा एबीएसच्या आधीचा आहे. अमेरिकेत 1968 पासून नव्या कारला ब्रेकची दोन स्वतंत्र सर्किटं आणि एक निकामी झालं तर पेटणारा दिवा कायद्याने लागू झाला. त्यातला स्विच साधा पण डोकेबाज होता. एका बारीक नळीत एक पिस्टन, दोन्ही बाजूंनी दोन सर्किटांचा दाब. दोन्ही सारखे असतील तर पिस्टन मधे राहतो. एका बाजूचं ऑइल गळालं की पिस्टन त्या बाजूला सरकतो, वरची पिन दाबली जाते, दिवा पेटतो. ना कंट्रोलर, ना कोड. दिवा पेटला म्हणजे कुठेतरी ऑइल गेलं, एवढाच अर्थ. पुढे ब्रेक ऑइलच्या डब्यात तरंगणारा फ्लोट आला आणि तो पिस्टन बहुतेक गाड्यांतून गेला.

चाक जाम होऊ न देण्याची, म्हणजे एबीएसची, कल्पना आली विमानातून. 1950 च्या दशकात इंग्लंडच्या डनलॉपने मॅक्सारेट नावाचं यंत्र विमानाच्या चाकांसाठी काढलं. चाकाबरोबर फिरणारं एक जड फ्लायव्हील, चाक अचानक थांबलं की ते पुढे सरकून ब्रेकचा दाब सोडायचं. संपूर्ण मेकॅनिकल. हेच यंत्र 1966 च्या जेन्सन एफएफ या कारमध्ये बसवलं गेलं, पण त्या गाड्या बनल्या फक्त 320. पुढे अमेरिकेत फोर्ड, क्रायस्लर, जनरल मोटर्स यांनी इलेक्ट्रॉनिक प्रयोग केले. जर्मनीत टेल्डिक्स या कंपनीबरोबर डायम्लर-बेंझने डिसेंबर 1970 मध्ये उंटरट्युर्कहाइमच्या ट्रॅकवर आपली एबीएस दाखवली. ट्रॅकवर चालली, पण विकायला काढण्याजोगी नव्हती. तिच्या कंट्रोलरमध्ये सुमारे हजार अॅनालॉग पार्ट होते. हजार पार्ट म्हणजे निदान दोन हजार सोल्डरिंग, आणि ते सगळं इंजिनाच्या थरथरीत आणि उन्हाळ्या-हिवाळ्यात टिकायला हवं. ज्याने आयुष्यभर कोरडं सोल्डर शोधलंय त्याला हे आकडे वाचूनच घाम फुटेल.

याच काळातली अमेरिकन ट्रकांची गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही, पण माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा कणा तीच आहे. 1975 मध्ये तिथे एअर ब्रेकच्या ट्रकांसाठी इतका कडक नियम आला की अँटिलॉक बसवल्याशिवाय तो पाळणं अवघड होतं. यंत्रं कच्ची होती. ती रस्त्यावर बिघडू लागली, चालक वैतागून वायरी काढू लागले. प्रकरण कोर्टात गेलं आणि 1978 मध्ये अपील न्यायालयाने नियमाचा तो भाग रद्द केला, कारण यंत्रणेचा भरवसा सिद्ध झालेला नव्हता. पुढची सतरा वर्षं अमेरिकन ट्रकांना एबीएसची सक्ती नव्हती. 1995 मध्ये नियम परत आला तेव्हा त्यात बिघाडाच्या दिव्याची सक्ती होती. 1997 पासूनच्या ट्रॅक्टरला केबिनमध्ये दिवा आणि 1998 पासूनच्या ट्रेलरला बाहेरून, डाव्या बाजूला मागे, पिवळा दिवा. तो दिवा मागून येणाऱ्यालाही दिसतो आणि रस्त्यावर तपासणी करणाऱ्यालाही. यंत्र बिघडणार हे मान्य केलं आणि बिघडलं तर सगळ्यांना दिसेल अशी सोय केली, तेव्हा सक्ती टिकली.

1978 हेच साल बॉशचंही आहे. ऑगस्टमध्ये एबीएस 2 मर्सिडीजच्या एस-क्लाससाठी जाहीर झाली, पाठोपाठ बीएमडब्ल्यूच्या 7 सिरीजला मिळाली. अॅनालॉग जाऊन डिजिटल आलं आणि हजार पार्टांचे 140 झाले. कंट्रोलर आता नुसता ब्रेक सांभाळत नव्हता, सतत स्वतःकडेही बघत होता. काही खटकलं की तो बाजूला व्हायचा, ब्रेक साध्या गाडीसारखे चालू ठेवायचा आणि दिवा लावायचा. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो की नुसता पिवळा एबीएसचा दिवा लागला तर ब्रेक गेलेले नाहीत, जोरात दाबल्यावर चाक जाम होऊ शकतं, एवढं लक्षात ठेवून हळू या. पण पिवळ्याबरोबर हँडब्रेकचा लाल दिवाही पेटला आणि हँडब्रेक सोडूनही विझला नाही, तर गाडी आहे तिथे थांबवा. एकतर ऑइल कमी आहे, नाहीतर मागच्या चाकांचा दाब सांभाळणारी ईबीडी बंद झाली आहे. तशात पुढच्या आधी मागची चाकं जाम झाली की गाडी फिरते.

आपल्याकडे 1995 मध्ये पिंपरीला टेल्कोच्या आवारात मर्सिडीज जोडल्या जाऊ लागल्या. मग इतर परदेशी कंपन्या आल्या, आणि वरच्या मॉडेलांतून एबीएस साखर कारखानदारांच्या, बिल्डरांच्या, डॉक्टरांच्या दारात उभी राहिली. दिवा पेटला की गाडी आमच्याकडे यायची, कारण दिवा म्हणजे वायरिंग आणि वायरिंग म्हणजे वायरमन. मेस्त्री हात वर करायचे. आमच्याकडे होता टेस्ट लॅम्प आणि मल्टीमीटर.

तेव्हाच्या गाड्यांत एक दार मात्र उघडं ठेवलेलं होतं. कोड दिव्यानेच मोजायचा. टोयोटाचं उदाहरण सांगतो. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये चार आणि तेरा नंबरच्या पिना वायरीच्या तुकड्याने जोडायच्या आणि चावी ऑन करायची. एबीएसचा दिवा लुकलुकायला लागतो. तीन वेळा, थोडा थांबून एक वेळा, म्हणजे 31, पुढचं उजवं चाक. 32 पुढचं डावं, 33 आणि 34 मागची. 41 आला तर आधी बॅटरी बघायची. काम झाल्यावर त्याच जोडणीत पाच सेकंदांत आठ वेळा ब्रेक पेडल मारायचं, कोड पुसला जातो. भर दुपारी मीटरवर हाताची सावली धरून दोघं मिळून मोजायचे, एक मोठ्याने आकडे बोलायचा, दुसरा लिहायचा. कोणाची परवानगी लागत नव्हती, पैसे लागत नव्हते. लक्ष मात्र पूर्ण लागायचं.

आणि आकडा कळल्यावर खरं काम सुरू व्हायचं. 31 म्हणजे पुढच्या उजव्या सेन्सरच्या सर्किटमधून हवा तो सिग्नल येत नाही, इतकंच कंट्रोलर सांगतो. सेन्सर गेला असं तो म्हणत नाही. जुना सेन्सर म्हणजे चुंबकावर गुंडाळलेली कॉइल. समोरून दातांची रिंग फिरली की तिच्यात एसी व्होल्टेज तयार होतो. मीटर ओहमवर लावून हजार-दीड हजाराच्या आसपास रीडिंग आलं की कॉइल शाबूत. मग एसी व्होल्टवर घेऊन चाक हाताने गरगर फिरवायचं. व्होल्टेज आला नाही किंवा एका फेरीत एकदा पडला तर दातांत बघायचं. एखादा दात तुटलेला, नाहीतर रिंगला चीर.

गंजाचं प्रकरण मी कोकणातून येणाऱ्या गाड्यांवर शिकलो. मालवण, देवगडकडून गगनबावड्याचा घाट चढून गाडी येते, तक्रार असते की सिग्नलला थांबताना शेवटच्या क्षणी पायाखाली पेडल थरथरतं, रस्ता कोरडा असला तरी. दिवा कधी लागतो, कधी नाही. खाऱ्या हवेने सेन्सर बसतो त्या जागेवर गंजाचा थर चढतो. थर फुगतो आणि सेन्सरला वर ढकलतो. सेन्सर आणि रिंगमधली फट मुळात मिलिमीटरभराची. ती जरा वाढली तरी वेगात सिग्नल पुरतो, पण गाडी थांबत आली की तो इतका अशक्त होतो की कंट्रोलरला चाक जाम झाल्यासारखं वाटतं. तो ब्रेक सोडतो, पकडतो, सोडतो. सेन्सर काढा, गंज खरवडून जागा साफ करा, चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा चुरा पुसा, परत बसवा. नवा पार्ट लागत नाही.

तेव्हा एक वाईट प्रथाही रुजली आणि ती अजून आहे. दिवा विझत नाही म्हणून मीटर उघडून बल्ब काढायचा. त्याहून वाईट म्हणजे एबीएसच्या दिव्याची वायर ऑइल प्रेशरच्या दिव्याला जोडायची. चावी ऑन केली की दोन्ही पेटतात, इंजिन सुरू झालं की दोन्ही विझतात, आणि गाडी विकली जाते. सेकंडहँड गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका, थांबा. बहुतेक गाड्यांत खरा एबीएसचा दिवा दोन-चार सेकंदांत एकटाच विझतो आणि ऑइलचा पेटलेला राहतो. दोन्ही पेटलेले राहिले आणि सेल्फ मारल्यावर एकदम विझले, तर मीटर उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ज्या इंजिनिअरने दिवा विझवायलाच कष्ट पडावेत अशी रचना केली, त्याच्या सगळ्या विचारावर एवढ्याशा वायरीने पाणी पडतं. आत बसणाऱ्या कुटुंबाला त्याचा पत्ताही नसतो.

दरम्यान अमेरिकेत धुराच्या कायद्याने मोठं काम केलं. 1996 च्या मॉडेलपासून प्रत्येक कारला एकच सॉकेट आणि इंजिनाच्या कोडची एकच भाषा सक्तीची झाली. आपल्याकडे भारत स्टेज 4 या धुराच्या नियमांबरोबर 2010 पासून ओबीडीचा, म्हणजे याच पद्धतीचा, पहिला टप्पा आला, 2013 पासून दुसरा. इंजिनाचा दिवा लागला तर कुठल्याही गॅरेजने स्वस्त यंत्र लावून पी ने सुरू होणारा कोड वाचावा, हे कायद्याने दिलं. पण तो कायदा हवेसाठी होता. ब्रेकचे कोड सी ने सुरू होतात आणि ते सगळ्यांना वाचता यावेत अशी सक्ती त्यात नव्हती. कंपन्यांनी ते आपापल्या भाषेत ठेवले. लुकलुकणारे कोडही गेले, कारण शोरूममध्ये स्कॅनर होता. मग अशी वेळ आली की इंजिनाचा बारीक दोष मी वाचू शकत होतो, आणि त्याच गाडीत ब्रेकचा दिवा पेटलेला असताना माझं यंत्र काहीच दोष नाही म्हणायचं. ब्रेकपेक्षा धूर आधी मोकळा झाला याचं मला आजही वाईट वाटतं.

25 ऑगस्ट 2014 ला भारतीय स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींहून जास्त दंड ठोठावला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची यंत्रं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, हा ठपका होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण उद्यमनगरात त्या दिवशी ज्याने त्याने ती बातमी एकमेकांना वाचून दाखवली, कारण आमच्या रोजच्या अडचणीला पहिल्यांदाच सरकारी कागदावर जागा मिळाली होती. सगळ्या कंपन्यांना चालणारे स्कॅनर हळूहळू आमच्या आवाक्यात आले आणि सी चे कोड परत दिसायला लागले.

तोवर दिव्यांत एक भर पडली होती: घसरणारी गाडी आणि तिच्यामागे दोन नागमोडी रेघा. 1995 मध्ये मर्सिडीजच्या एस 600 कूपेमध्ये बॉशची ईएसपी आली. तिच्यामागे अँटन व्हान झांटेन या इंजिनिअरचं आयुष्य आहे. 2016 मध्ये त्यांना युरोपियन इन्व्हेंटर पुरस्कार मिळाला. चालकाने स्टिअरिंग किती फिरवलं आणि गाडी प्रत्यक्षात किती वळते आहे, हे दोन्ही मोजायचं. फरक पडला तर एकाच चाकाला ब्रेक मारून गाडी रेषेवर आणायची. गाडी किती वळते हे मोजणारे सेन्सर त्या आधी विमानं आणि क्षेपणास्त्रांतच परवडायचे. दोनच वर्षांनी, ऑक्टोबर 1997 मध्ये, स्वीडनच्या एका मासिकाच्या चाचणीत नवी मर्सिडीज ए-क्लास अचानक दिलेल्या वळणावर उलटली, आणि कंपनीने त्या लहान गाडीला ईएसपी सरसकट देऊन टाकली. महागड्या गाडीतली वस्तू तिथून खाली उतरू लागली. अमेरिकेत 2012 च्या मॉडेलपासून आणि युरोपात नोव्हेंबर 2014 पासून ती प्रत्येक नव्या कारला सक्तीची झाली. आपल्याकडे एप्रिल 2019 पासून प्रत्येक नव्या कारला एबीएसची सक्ती आली.

ईएसपीच्या दिव्याने आमच्या हद्दी मोडल्या. अलाइनमेंटवाल्याने टो बदलली आणि स्टिअरिंग जरा तिरकं राहिलं, तर ईएसपीला वाटतं चालक सतत वळतोय आणि गाडी सरळ जातेय. दिवा. तिथे स्टिअरिंग सरळ करून अँगल सेन्सरचा शून्य परत शिकवावा लागतो. पेडलजवळचा ब्रेक लाइटचा स्विच घासला, दिवा. बॅटरी बसली, दिवा. पावसाळ्यात उंदराने बॉनेटखाली वायर कुरतडली, दिवा.

सगळ्यात जास्त गाड्या गॅरेजोगॅरेज फिरतात त्या हब बेअरिंगच्या पायी. नव्या सेन्सरसमोर दातांची रिंग नसते. बेअरिंगच्या एका सीलमध्येच चुंबकाचे उत्तर-दक्षिण पट्टे भरलेले असतात, डोळ्याला काळं रबर दिसतं. प्रेसवर बेअरिंग उलटं बसलं तर हे पट्टे चाकाच्या बाजूला जातात आणि सेन्सरसमोर कोरं रबर येतं. कोड सेन्सरचाच येतो. मग सेन्सर बदलतात, कोड तोच. वायरिंग उसवतात, कोड तोच. हा सेन्सर ओहमवर मोजूनही कळत नाही, कारण तो करंटची भाषा बोलतो, 7 मिलिअँपिअर आणि 14 मिलिअँपिअर. मी विचारतो, बेअरिंग कधी बदललं? नवीन बेअरिंग आणलं की दोन्ही बाजूंना स्टेपलची पिन लावून बघायची. जी बाजू हलकेच ओढेल ती सेन्सरकडे. पिन मात्र काढून ठेवायची, आत राहू द्यायची नाही.

आता 2019 नंतरच्या साध्या, लहान गाड्या वॉरंटी संपवून आमच्याकडे येऊ लागल्या आहेत. एबीएस आता पिकअपलाही आहे आणि शाळामास्तरच्या हॅचबॅकलाही. आणि नेमकं आत्ता दार परत लागतंय. 2015 मध्ये दोन संशोधकांनी लांबून, इंटरनेटवरून, चालत्या जीपचा ताबा घेऊन दाखवला आणि कंपनीला 14 लाख गाड्यांसाठी रिकॉल काढावा लागला. त्यानंतर काही कंपन्यांनी गाडीत बाहेरच्या यंत्राला अडवणारा गेटवे बसवला. कारण रास्त आहे, मी ते नाकारत नाही. पण अशा गाडीत मला कोड वाचता येतो, पुसता येत नाही, आणि एबीएसच्या युनिटमध्ये अडकलेली हवा काढायला पंप चालवायचा तर कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागते. धुराच्या कायद्याने जशी इंजिनाची भाषा सगळ्यांना दिली, तशी ब्रेकची भाषा आणि ब्रेकचा पंप, ओळख नोंदवून का होईना, प्रत्येक नोंदणीकृत गॅरेजला मिळाला पाहिजे. हा माझ्या धंद्याचा प्रश्न आहेच. त्याहून जास्त तो रस्त्याचा आहे, कारण काही कंपन्यांचं सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात नाही. ज्याचं काम मी हात लावूनही पुरं करू शकत नाही, त्याला सव्वादोनशे किलोमीटर पुण्याला जावं लागतं, एबीएस बंद, ईएसपी बंद, आणि वाटेत खंबाटकीचा बोगदा संपल्यावरचा तो उतार. मी त्याला सांगतो, पाऊस असेल तर आज निघू नका. निघालात तर ट्रकच्या मागे दुप्पट अंतर ठेवा आणि बोगद्यातून बाहेर पडण्याआधीच गिअर खाली घ्या.